दोर आणि झोळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी प्रवचनकार नाही. बी. कॉम. झालो, बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागलो आणि ३६ वर्षांनी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. प्रमोशनच्या परीक्षेला कधी बसलो नाही, कारण बदली नको होती. बदली नको, उधारी नको, कोणाचे उपकार नकोत, असा माझा स्वभाव. कोणी लग्नात आहेर केला तर वहीत लिहून ठेवायचा आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढाच, जमल्यास अकरा रुपये जास्त घालून परत करायचा. रात्री झोपताना कोणाचं काही देणं नाही याचं मला फार समाधान वाटे. हे समाधान म्हणजे एक प्रकारचा अहंकारच आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. ते कसं कळलं, तेवढंच या लेखात सांगायचं आहे. चूकभूल महाराजांनी आणि आपण पदरात घ्यावी.

मागल्या वर्षी भाद्रपदात माझ्या मुलाची नोकरी गेली. पुण्यात होता. सकाळी मेल आला आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा करून तो घरी आला. आम्ही सोलापूरकर दोघं रात्रभर जागे. मी हिशेब मांडला: घराचा हप्ता किती, शिल्लक किती, किती महिने पुरेल. दिवाळीला तो आला तेव्हा हा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "बाबा, सहा महिने निघतात हे मीही काढलंय. अर्ज चालूच आहेत. पण त्याआधी आम्ही दोघं महिनाभर गाडी घेऊन जाणार आहोत. बदामी, हंपी. चढायला."

चढायला म्हणजे प्रस्तरारोहण. कॉलेजपासून दोघांनाही हा नाद. त्यांची ओळखही सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावतानाच झाली. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, ज्वालामुखीच्या लाव्हेचा. बदामीचा दगड तांबडा वालुकाश्म, तर हंपीचा ग्रॅनाइट. हे दोन्ही दगड मनसोक्त हाताखालून घालायचे, हे त्यांचं लग्नापासूनचं स्वप्न. पण नोकरीत एवढी रजा कधी मिळालीच नाही. सूनबाईंनी ऑफिसातून महिन्याची बिनपगारी रजा काढली होती. त्यांच्या माहेरी नृसिंहवाडीची परंपरा. म्हणून वाटेत औदुंबर, वाडी, कुरवपूर आणि शेवटी गाणगापूर असा बेत त्यांनीच आखला. आमचे चिरंजीव नास्तिक नाहीत, पण पोथीला बसणाऱ्यांतलेही नाहीत.

माझा तोल गेला. मी म्हणालो, "नोकरी गेलेला माणूस नोकरी शोधतो. तू दोर घेऊन दगड चढायला निघालास! असंच चाललं तर एक दिवस भीक मागायची वेळ येईल."

तो काही बोलला नाही. सूनबाईंनी ताटं उचलली. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जुन्या गाडीत दोर, भांडी, स्टोव्ह आणि सतरंज्या टाकून दोघं निघाले. त्यानंतर तो आईला फोन करायचा, मला नाही.

भक्तहो, माझ्या तोंडून निघालेला हा 'भीक' शब्द लक्षात ठेवा. पुढे तो माझ्याकडेच परत येणार आहे.

आपलं दैवत कोणतं? दत्त महाराज. त्यांची दिनचर्या आपण लहानपणापासून ऐकतो: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. म्हणजे जो त्रैलोक्याचा स्वामी, तो रोज दुपारी झोळी घेऊन कोणाच्या तरी दारात उभा राहतो. त्याला काय कमी आहे? मी वर्षानुवर्षे गुरुचरित्राचा सप्ताह करतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भिक्षा म्हणजे गरज, एवढंच मला ठाऊक. भिक्षा ही साधना असू शकते, हे वाचलं होतं, पटलं नव्हतं.

दहाबारा दिवसांनी संध्याकाळी सूनबाईंचा सासूबाईंना फोन आला. बदामीच्या अलीकडे गाडीचा क्लच गेला होता. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला दोरखंड बांधून गाडी गावात ओढून आणली. पार्ट बाहेरून मागवायचा, चार दिवस लागणार. तोपर्यंत दोघं त्या शेतकऱ्याच्याच घरी, ओसरीवर. "आई, काळजी करू नका. इथे आम्हाला चहासुद्धा स्वतः करू देत नाहीत."

आमच्या सौ. फोन ठेवून म्हणाल्या, "मी उद्या बदामीला जातेय. तुम्ही येणार असाल तर या." सोलापूरहून विजयपूरमार्गे बदामीला थेट रेल्वे आहे. गेलो. खरं सांगतो, मुलाच्या ओढीनं गेलो तसाच त्या शेतकऱ्याचे पैसे चुकते करायलाही गेलो. आपला मुलगा परक्याच्या ओसरीवर फुकट जेवतोय, ही टोचणी मला गाडीत झोपू देईना.

घर साधं. घरात म्हातारी आई, मुलगा, सून, दोन नातवंडं. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला सोलापुरात राहून कामापुरतं कन्नड येतं. पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच आजीबाई म्हणाल्या, "ऊट माड्री." जेवा. कोण, कुठले, हे नंतर. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. मुलगा समोर बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं फक्त भाकरीची टोपली पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं कड्यावर निघाले. मीही मागून गेलो. गावाबाहेर तांबड्या दगडाची सरळ भिंत. सूर्य वर आला की ती निखाऱ्यासारखी दिसते. सूनबाई चढणार होत्या, मुलगा खाली उभा राहून दोर सांभाळणार होता. याला ते 'बिले' देणं म्हणतात. चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला. तो दगडात बसवलेल्या बोल्टांत अडकवत अडकवत चढणारा वर जातो, आणि दोराचं दुसरं टोक खालच्या माणसाच्या कमरेवरच्या यंत्रातून जातं. वरचा निसटला की खालचा दोर धरतो.

पण चढण्याआधी त्यांनी जे केलं ते मला, कॅशियरला, फार भावलं. त्यानं तिची गाठ तपासली, तिनं त्याचं यंत्र आणि पट्टा तपासला. दोघांनी हात लावून, ओढून पाहिलं. मी विचारलं, "रोजचंच आहे ना? मग कशाला?" सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हजारदा केलं असलं तरी आजची गाठ आजच तपासायची." आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. एकट्यानं तिजोरी उघडता येत नाही. त्यात एकाचा दुसऱ्यावर अविश्वास नसतो. दोघं मिळूनच विश्वास पुरा होतो. श्रद्धेचंही तसंच असावं. डोळे मिटून उडी मारणं ही श्रद्धा नव्हे. आपली गाठ आपण नीट बांधायची, ती गुरूंना दाखवायची आणि मग वर पाय ठेवायचा.

त्या चढू लागल्या. मी मुलाच्या शेजारी उभा होतो. इतक्या दिवसांनी एकटा भेटला म्हणून बोलायला गेलो. त्यानं वरची नजर न काढता हळूच म्हटलं, "बाबा, ती वर असताना मी कोणाशी बोलत नाही."

गप्प बसलो. तो काय करतो ते बघत राहिलो. ती पुढे सरकली की तो हातभर दोर सोडी. ती थांबली की थोडा आवरून घेई. शेवटच्या टप्प्यात तिचा पाय सुटला. माझ्या तोंडातून 'दत्त दत्त' निघालं. ती काही फूट खाली आली, दोर ताठ झाला, मुलगा एक पाऊल पुढे ओढला गेला, आणि ती हवेत झुलत राहिली. दोन श्वास घेऊन वरूनच हसली आणि परत दगडाला भिडली. तिसऱ्या प्रयत्नात तो कडा तिला जमला.

खाली आल्यावर मी विचारलं, "दोर ताणूनच का धरत नाहीस? म्हणजे पडणारच नाही." तो म्हणाला, "ताणून धरला तर तिला चढताच येत नाही, बाबा. फार सैल सोडला तर पडल्यावर लागतं. बघत राहायचं आणि लागेल तेवढाच द्यायचा."

भक्तहो, मी मान खाली घातली. तीस वर्षं मी त्याचा दोर ताणूनच धरला होता. माझ्या मते ती माया होती. आणि तो खरोखर निसटला, नोकरी गेली, त्या वेळी मी काय केलं? खालून ओरडलो. सद्गुरू असं करत नाहीत. आपण चढतो तेव्हा ते बोलत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की त्यांचं लक्ष नाही. त्यांची नजर आपल्यावरून हललेली नसते, हे आपण पडलो की कळतं.

दुपारी आम्ही बदामीची लेणी पाहिली. चालुक्य राजांची ती राजधानी. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शिलालेख आहे, शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८. गाइडनं सांगितलं की त्यात देवाला एक गाव दान दिल्याची नोंद आहे. त्या उत्पन्नातून देवाची पूजा व्हावी, रोज सोळा ब्राह्मणांना जेवण मिळावं आणि उरलेलं परिव्राजकांच्या भोजनाला जावं. परिव्राजक म्हणजे भटकणारे संन्यासी. मी तिथेच थांबलो. ही नोंद १४०० वर्षांपूर्वीची. कोण भटका येईल, केव्हा येईल, परत फेडेल का, काही माहीत नसताना त्याचं जेवण आधीच दगडात कोरून ठेवलेलं. आणि त्याच दगडाच्या पायथ्याशी आजीबाई म्हणतात, "ऊट माड्री."

निघायच्या दिवशी मी ठरवल्याप्रमाणे पाकिटात दोन हजार रुपये घालून ताटाखाली ठेवले. कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं. आजीबाईंनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. गाडीत सौ.नी ते फडकं सोडलं, तर भाकऱ्यांच्या मध्ये माझं पाकीट, जसंच्या तसं. सौ. म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या अन्नाची किंमत केलीत." मला राग आला नाही. लाज वाटली. गॅरेजवाल्यानं पार्टचे आणि मजुरीचे चोख पैसे घेतले होते, आणि ते योग्यच होतं. तो व्यवहार होता. हा व्यवहार नव्हता. बँकेत ज्या रकमेचं खातं लगेच सापडत नाही ती सस्पेन्समध्ये ठेवतात. त्या भाकऱ्या माझ्या मनात सस्पेन्सलाच राहिल्या. कोणत्या खात्यात टाकू?

ती दोघं पुढे हंपीला गेली. तुंगभद्रेच्या पलीकडे आनेगुंदीच्या बाजूला घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे एकावर एक पडलेले आहेत. तिथे दोर न लावता, खाली जाड गादी टाकून बेताच्या उंचीचे दगड चढतात. दुपारी दगड तापतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ चढायचं. तिथून कुरवपूर. श्रीपाद श्रीवल्लभांचं ते स्थान कृष्णेच्या बेटावर आहे, होडीनं जावं लागतं. सगळीकडे स्वागतच झालं असं नाही. एका ठिकाणी रात्री उशिरा गेले म्हणून दार उघडलं नाही. दोघं गाडीतच झोपली. सूनबाई हे सांगताना म्हणाल्या, "त्यांचंही बरोबर होतं, बाबा. अनोळखी माणसाला कसं घ्यायचं?" तक्रारीचा सूर नाही. मिळालं तर प्रसाद, नाही मिळालं तरी राग नाही.

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते भागवताच्या एकादश स्कंधात आले आहेत. त्यातला अजगर हा गुरू. न मागता मिळेल ते घेतो, नाही मिळालं तर पडून राहतो. मधमाशी, भ्रमर हा गुरू. एकाच फुलाला ओरबाडत नाही, प्रत्येकाकडून थोडं थोडं घेतो. यावरूनच तर मधुकरी हा शब्द. पृथ्वीला गुरू करताना अवधूतांनी तिच्यावरच्या पर्वताकडूनही शिकवण घेतली की आपलं सगळं असणं दुसऱ्यासाठी असावं. माझ्या मुलाला हे श्लोक पाठ नाहीत. पण पर्वताला हात लावता लावता आणि पाच घरचं खाता खाता हे गुरू त्याला भेटले होते. मी घरी आसनावर बसून पोथी वाचत होतो, आणि तो पोथीतून चालत होता.

त्या वर्षीचा सप्ताह आम्ही दोघांनी गाणगापुरात करायचं ठरवलं. भीमा-अमरजा संगम, निर्गुण पादुका, नृसिंहसरस्वती महाराजांचं वीसाहून अधिक वर्षांचं वास्तव्य, हे आपणा सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वाचनात अठरावा अध्याय आला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या परिसरातली ती कथा. गरीब ब्राह्मण, दारात घेवड्याचा एक वेल, भिक्षा नाही मिळाली त्या दिवशी त्याच्या शेंगांवर कुटुंब जगायचं. महाराज त्याच्या घरी भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले, आणि जाताना तोच वेल उपटून टाकला. बायको रडू लागली. ब्राह्मणानं मात्र गुरूंना दोष दिला नाही. वेलाचं मूळ काढायला खणू लागला तर खाली द्रव्यानं भरलेला कुंभ.

इतकी वर्षं मी ही कथा कुंभासाठी वाचत होतो. या खेपेला वेलापाशीच अडलो. मुलाची नोकरी म्हणजे तो वेल. तो उपटला गेला तेव्हा रडत बसणारा मी होतो. आणि मुलगा? तो खणायला निघाला होता. कुंभ सापडेल म्हणून नव्हे. मूळ तर काढायलाच हवं.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी ती दोघं पोहोचली. उन्हानं रापलेली, हातांची बोटं सोललेली, चेहरे प्रसन्न. गाणगापुरात भक्त पाच घरी मधुकरी मागतात आणि पाच जणांना घालतातही. माध्यान्ही महाराज स्वतः कोणत्या ना कोणत्या रूपात इथे भिक्षेला येतात ही आपली श्रद्धा. आजवर मी तिथे मधुकरी वाढली होती, मागितली कधीच नव्हती. माझ्या हातून ते होणारच नव्हतं.

जयंतीच्या दिवशी दुपारी मी झोळी घेतली. सौ. बघत राहिल्या. पहिल्या दारात उभा राहिलो, पण 'भवति भिक्षां देहि' हे शब्द घशातच अडकले. ३६ वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांना रांगेत उभं केलेला मी माणूस. माझाच शब्द कानात घुमत होता: भीक मागायची वेळ येईल. आली होती. मागे वळलो तर मुलगा पाच पावलांवर उभा. काही बोलला नाही. फक्त बघत होता, बदामीला बघत होता तसाच. मग शब्द फुटले. आतून एक लहान मुलगी आली आणि अर्धी भाकरी झोळीत टाकून पळाली. दुसऱ्या घरी भात, तिसऱ्या घरी आमटी, चौथ्या घरी म्हणाले, "संपलं बघा, पुढे व्हा." पुढे झालो. आणखी दोन घरं घेऊन पाच पुरी केली.

संगमावर औदुंबराखाली चौघांनी ते अन्न वाटून घेतलं. कोणत्या घरची भाकरी आणि कोणत्या घरचा भात, काही वेगळं राहिलं नव्हतं. मी मुलाला म्हणालो, "दिवाळीत बोललो ते चुकलो रे." तो म्हणाला, "बाबा, जेवा आधी." आजीबाईंचंच वाक्य, मराठीत.

त्या घासाबरोबर माझी सस्पेन्सची नोंद मिटली. दिलेल्याला तेच परत करायचं, असा या खात्याचा नियमच नाही. आजीबाईंचं देणं आजीबाईंना फिटत नाही. ते आपल्या दारात पुढे येणाऱ्याला द्यायचं असतं. आणि घेताना हात खाली धरावा लागतो, म्हणूनच त्रैलोक्याचा स्वामी रोज झोळी घेऊन निघतो. देणाऱ्याला पुण्य मिळावं म्हणून तो निघतोच, पण घेण्यातही नम्रता असते, हे आपल्याला शिकवायलाही निघत असावा.

आता लोक विचारतात, मुलाला नोकरी लागली का? लागली. चार महिन्यांनी, आधीपेक्षा थोड्या कमी पगाराची. याला मी चमत्कार म्हणणार नाही, तसं लिहून आपली दिशाभूलही करणार नाही. कुंभ वगैरे सापडला नाही. पण आमच्या घरी एक बदल झाला. गाणगापूरला पायी जाणारे भक्त सोलापुरावरून जातात. गेल्या काही महिन्यांत त्यातले पाचसहा जण आमच्याकडे जेवून गेले. निघताना एकजण खिशात हात घालू लागला. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "राहू द्या. पुढे कोणाला तरी घाला."

माझी आहेराची वही मी अजून टाकलेली नाही. स्वभाव एकदम जात नाही. पण हल्ली तिच्या मागच्या पानावर सूनबाईंनी प्रवासात टिपून ठेवलेली यादी मी उतरवून घेतली आहे: कोणत्या गावी, कोणाच्या ओसरीवर, काय जेवलो. समोर रकमेचा रकाना आहे. तो कोराच ठेवला आहे.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥